तुटक्या लाइनवरून सुरक्षा अपडेट पोचवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरच्या एका छोट्या कंपनीतले अभियंता विचारतात: ‘पतसंस्था आणि लहान दवाखान्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो, ते विंडोजवर चालतं. ग्राहक भांडुपच्या डोंगरावर, मानखुर्दला, गोराईला, पार उरणपर्यंत आहेत. प्रत्येक अपडेट साधारण ३५० एमबीचं असतं आणि बऱ्याच ठिकाणी ते उतरतच नाही. लोकांनी वैतागून अपडेट बंद करून ठेवलंय. आता एक गंभीर त्रुटी सापडली आहे. स्लो नेटवाल्यांपर्यंत दुरुस्ती पोचवायची कशी?’

आधी थोडी आकडेमोड करू, दुखणं नेमकं कुठे आहे ते तिच्यातूनच दिसतं. ३५० एमबी म्हणजे २८०० मेगाबिट. आपल्याकडे एखाद्या लाइनला ब्रॉडबँड म्हणायचं तर जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग लागतो. त्याआधी ५१२ केबीपीएस पुरत असे. २ एमबीपीएसवर तुमचं अपडेट २३-२४ मिनिटांत उतरायला हवं. तेवढा वेळ कुणीही थांबेल. मग घोडं अडतं कुठे? लाइन तुटते तिथे. केबलवाल्याची वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर गेलेली असते, मधला स्विच कुणाच्या तरी जिन्याखाली असतो, तिथली वीज गेली की अख्ख्या गल्लीचं नेट जातं. पावसाळ्याचे चार महिने तर विचारायलाच नको. लाइन दर पंधरा मिनिटांनी तुटत असेल आणि तुमचा डाउनलोडर दर वेळी शून्यापासून सुरुवात करत असेल, तर २४ मिनिटांचं डाउनलोड कधीच पूर्ण होणार नाही. महिनाभर वाट पाहिली तरी नाही. ग्राहकाचा डेटा मात्र रोज जळत राहील. त्याने अपडेट बंद केलं यात मला त्याचा काडीचाही दोष दिसत नाही.

दुसरा गट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांचा. दिवसाचा डेटा संपला की बऱ्याच प्रीपेड प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. या वेगाने ३५० एमबी उतरायला बारा तास लागतात. दवाखाना सकाळी तीन तास आणि संध्याकाळी चार तास उघडा असतो, मग संगणक बंद. एका दिवसात हे काम होणंच शक्य नाही. संगणक बंद करून दुसऱ्या दिवशी चालू केल्यावर डाउनलोड जिथे थांबलं तिथूनच पुढे सरकलं, तरच ते कधीतरी पूर्ण होईल.

म्हणून आकार कमी करण्याच्या आधी हे करा: तुटलं तिथून पुढे चालू होणारं डाउनलोड. विंडोजवर यासाठी स्वतःचं काही लिहीत बसू नका. बिट्स नावाची सेवा एक्सपीच्या काळापासून, २००१ पासून, विंडोजमध्येच आहे. विंडोज स्वतःची अपडेट्सही बरीच वर्षं तिच्यामार्फत उतरवत होतं. ती उरलेल्या वेगात मागच्या मागे फाइल आणते, नेट गेलं की थांबते, आलं की पुढे चालते, संगणक रीस्टार्ट झाला तरी काम विसरत नाही. मात्र तुमच्या सर्व्हरने फाइलचा मधलाच तुकडा मागितला तर तेवढाच द्यायला हवा, म्हणजे रेंज विनंत्या मानायला हव्यात. ही गोष्ट आधी तपासा. इन्स्टॉलर एखाद्या पीएचपी पानातून ‘डाउनलोड’ म्हणून दिला जातो तिथे हा आधार बहुतेक वेळा नसतो, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं. आणखी एक. बिट्स मोकळा वेग मोजते तो मुख्यतः त्या एका संगणकाच्या नजरेतून. त्याच राउटरवर शेजारच्या काउंटरचं काम चालू असेल तर ते तिला नीट दिसेलच असं नाही. त्यामुळे कामाच्या वेळेत वेगाला कमाल मर्यादा घालून द्या. अपडेटमुळे पासबुक छापायला उशीर झाला की क्लार्क ते कायमचं बंद करतो.

मोठी फाइल एक-एक एमबीच्या तुकड्यांत वाटा, प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, एका यादीत ठेवा आणि त्या यादीवर तुमची डिजिटल सही करा, म्हणजे ती तुमचीच आहे आणि वाटेत बदललेली नाही हे तपासता येईल. एखादा तुकडा खराब उतरला तर तेवढाच पुन्हा मागायचा. पण तुकडे फार बारीकही करू नका. खराब लाइनवर प्रत्येक विनंतीला जाऊन-येऊन अर्धा-अर्धा सेकंद जातो. पाचशे बारक्या फाइली एकेक करून मागवल्या तर चार मिनिटं नुसत्या विचारण्यातच जातील.

आता आकार. तुमच्या ३५० एमबीत खरी दुरुस्ती किती, हे एकदा उघडून बघा. माझा अंदाज असा की त्यात रनटाइम (प्रोग्राम चालायला लागणारा पाया) आहे, डेटाबेस इंजिन आहे, रिपोर्टचे फॉन्ट आहेत, मदतीची पीडीएफ आहे, आणि त्रुटी एका डीएलएलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका सुट्या भागाच्या फाइलीत, आहे. तेवढी एकच फाइल पाठवायची तर काम दोन-पाच एमबीत भागतं. याहून बारीक जायचं असेल तर दोन आवृत्त्यांमधला नुसता फरक पाठवता येतो. कॉलिन पर्सिव्हल यांनी २००३ मध्ये बीएसडिफ हे साधन लिहिलं, ते आजही सर्रास वापरलं जातं. क्रोम ब्राउझरच्या लोकांनी २००९ मध्ये कूर्जेट हे तसंच साधन आणलं. त्यांनी तेव्हा दिलेलं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर कायम असतं: संपूर्ण अपडेट १,०३,८५,९२० बाइट, बीएसडिफने ७,०४,५१२ आणि कूर्जेटने ७८,८४८. म्हणजे दहा एमबीचं काम ऐंशी केबीच्या आत. गूगल प्लेने २०१६ च्या डिसेंबरात फाइलनिहाय फरक पाठवायला सुरुवात केली, तेव्हा अपडेटचा आकार सरासरी ६५ टक्क्यांनी कमी झाल्याचं जाहीर केलं होतं. त्यामागची युक्ती अशी की आधी आतल्या फाइलींचं कॉम्प्रेशन सोडवायचं, मग फरक काढायचा. कॉम्प्रेस केलेल्या फाइलीत एक अक्षर बदललं तरी पुढचं सगळं बदललेलं दिसतं आणि फरक जवळजवळ मूळ फाइलीएवढाच होऊन बसतो.

तरी तुमच्यासारख्या छोट्या कंपनीने बाइटनिहाय फरकाच्या मागे लगेच लागू नये, असं मला वाटतं. तुमचे ग्राहक वेगवेगळ्या जुन्या आवृत्त्यांवर अडकलेले आहेत. प्रत्येक आवृत्तीपासून नव्या आवृत्तीपर्यंतचा फरक बनवायचा आणि तपासायचा म्हटलं तर तुमची दोन माणसं त्यातच गुंतून पडतील. आधी फाइलनिहाय करा: कोणत्या फाइलीचा कोणता हॅश हवा याची यादी पाठवायची, ग्राहकाच्या संगणकावर जी फाइल जुळत नाही तेवढीच मागवायची. आवृत्ती कितीही जुनी असो, हे चालतं.

पण यातही एक खाच आहे आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. तुमची बिल्ड यंत्रणा, म्हणजे सोर्स कोडमधून प्रोग्राम तयार करणारी यंत्रणा, दर वेळी सगळ्या डीएलएल नव्याने बनवते, त्यात बनवल्याची वेळ लिहिते, वर सगळ्यांवर नव्याने सही करते. सोर्समध्ये एक ओळ बदललेली नसली तरी प्रत्येक फाइल बाइटच्या पातळीवर वेगळी होते. मग फाइलनिहाय पद्धतही सगळ्या फाइली मागवते आणि तुम्ही पुन्हा ३५० एमबीवर! त्यामुळे बिल्ड अशी लावा की त्याच सोर्समधून दर वेळी तंतोतंत तीच फाइल निघेल. डॉट नेट आणि व्हिज्युअल सी प्लस प्लस, दोन्हीत त्यासाठी पर्याय आहेत. न बदललेल्या फाइलीवर पुन्हा सही करू नका, आधीचीच सही केलेली फाइल पुढे न्या. या कामाला एक-दोन आठवडे लागतील, पण ग्राहकाच्या डेटाची जितकी बचत यातून होते तितकी दुसऱ्या कशातूनच होत नाही.

सुरक्षेची दुरुस्ती आणि नव्या सोयी यांची फारकत करा, हे मी तुम्हाला अगदी कळकळीने सांगतो. काउंटरवरच्या बाई गेली आठ वर्षं त्याच जागचं बटण दाबून पावती काढतात. भोक बुजवण्यासाठी म्हणून आलेल्या अपडेटने ते बटण हललं तर पुढचं अपडेट त्या घेणार नाहीत, आणि मार्चअखेरीला तर संगणकाला हातही लावू देणार नाहीत. सुरक्षेचा मार्ग वेगळा ठेवा. त्यात स्क्रीन बदलणार नाही, डेटाबेसची रचना बदलणार नाही, शक्य तोवर रीस्टार्ट लागणार नाही, ३१ मार्चच्या आसपास काहीही आपोआप बसणार नाही, असं लेखी वचन द्या आणि ते पाळा. नव्या सोयींचं मोठं अपडेट वर्षातून दोनदा, इंजिनिअर भेटीला जाईल तेव्हा दिलं तरी चालेल.

पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, उतरायला वेळ लागणारच असेल तर त्याआधी दोन किलोबाइटचं काहीतरी पाठवता येतं का, ते बघा. कुलूप आणेपर्यंत दाराला निदान कडी लावावी, तसं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीची त्रुटी आली तेव्हा तिच्या जार फाइलमधून एक क्लास, म्हणजे कोडचा एक भाग, काढून टाकला तरी हल्ल्याची मुख्य वाट बंद होत होती. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा एसएमबीची (विंडोजमधल्या फाइल देवाणघेवाणीच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती बंद करणं हा तसाच उपाय होता. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असे स्विच आधीपासून बांधून ठेवा: बाहेरून फाइल आयात करण्याचा भाग, दूरवरून लॉगिनचा भाग, एसएमएसचा भाग. सही केलेली बारकी सेटिंग फाइल आली की तेवढा भाग बंद, पॅच बसला की पुन्हा सुरू. ६४ केबीपीएसवरही हे सेकंदभरात पोचतं.

वॉनाक्रायची तारीखवारी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला दिली होती, हल्ला १२ मे ला झाला. ज्यांची यंत्रं गेली त्यांतल्या बहुतेकांसाठी औषध दोन महिने तयार होतं, फक्त त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. यात आणखी एक क्रूर भाग असतो. पॅच जाहीर झाला की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून त्रुटी कुठे होती ते हल्लेखोर शोधून काढतात. म्हणजे जलद नेटवाला ज्या दिवशी सुरक्षित होतो, त्याच दिवसापासून स्लो नेटवाल्याचा धोका वाढतो. तुमची त्रुटी अजून बाहेर कुणाला माहीत नसेल तर यावर एक चांगला उपाय आहे: पॅच कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून, आठ-दहा दिवस आधीच सगळ्यांकडे हळूहळू उतरवायला लावा. सगळीकडे पोचला की एका सकाळी त्याची काही बाइटची किल्ली पाठवा. गेम कंपन्या मोठे गेम प्रकाशनाच्या आधी याच पद्धतीने उतरवून ठेवतात. गोराईचा दवाखाना आणि बीकेसीतलं ऑफिस एकाच तासाला सुरक्षित होतील. त्रुटीचा गैरवापर सुरू झाला असेल तर मात्र हे करू नका, जे आहे ते तत्काळ द्या.

एका जागी अनेक संगणक असतील तर बाहेरून एकदाच आणा. पतसंस्थेत डेटाचा ‘मेन’ संगणक असतोच, बाकीची काउंटरं त्यालाच जोडलेली असतात. अपडेट त्याने उतरवायचं आणि काउंटरांनी त्याच्याकडून घ्यायचं. घेताना सही आणि हॅश प्रत्येक काउंटरने स्वतः तपासायचा, मेनवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. विंडोजच्या स्वतःच्या अपडेटसाठी डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन या सेटिंगमध्ये ‘स्थानिक नेटवर्कवरील संगणक’ हा पर्याय चालू करून द्या. मूळ सेटिंगनुसार ४ जीबीपेक्षा कमी रॅमचा संगणक इतरांना फाइली देत नाही, त्यामुळे ऑफिसातला त्यातल्या त्यात दणकट संगणक दिवसभर चालू राहील असं बघा. कुणाकडे लिनक्स (डेबियन किंवा उबुंटू) असेल तर एप्ट-कॅशर-एनजी हे साधन हेच काम करतं.

हॉटस्पॉटवाल्यांबाबत एक तपासणी जरूर करा. विंडोजने ते कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून डेटा देणारं, मानलं असेल तर अत्यावश्यक सोडून बाकीची अपडेट्स आपोआप उतरत नाहीत. फोनवर तसंच: प्ले स्टोअरमध्ये ‘फक्त वाय-फायवर’ असं ठेवलेलं असतं आणि घरात वाय-फाय कधीच नसतं, त्यामुळे अ‍ॅप वर्षानुवर्षं जुनंच राहतं. तुमचं मोबाइल अ‍ॅपही असेल तर वापरणाऱ्याला स्वच्छ सांगा: ‘सुरक्षेची दुरुस्ती, ४ एमबी, आत्ता घ्यायची की रात्री?’ दिवसाचा उरलेला डेटा मध्यरात्री वायाच जातो, रात्री साडेअकराला तो वापरायला कुणाची ना नसते. रेल्वे स्थानकावरचं वाय-फायही चालेल. मुंबई सेंट्रलला ते जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालं, गूगल आणि रेलटेलच्या योजनेतलं देशातलं पहिलं स्थानक. सार्वजनिक वाय-फायवरून अपडेट घेणं धोक्याचं नाही का, असं लोक विचारतात. पॅकेजवर सही असेल आणि अ‍ॅप ती तपासत असेल तर रस्ता कोणता होता याने फारसा फरक पडत नाही.

इथे सहीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण वर सांगितलेलं सगळं तिच्यावर उभं आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा विध्वंसक व्हायरस पसरला तो युक्रेनमधल्या एम. ई. डॉक या कराच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तुमच्यासारखंच सॉफ्टवेअर, तुमच्यासारखेच ग्राहक. हल्लेखोर कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्ये शिरले होते. त्यात मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या यंत्रणा बंद पडल्या आणि त्या समूहाचं न्हावा शेवाचं टर्मिनल, म्हणजे तुमच्या उरणच्या ग्राहकांच्या अगदी शेजारी, ठप्प झालं. कीवमधल्या एका सर्व्हरची झळ जेएनपीटीला लागली! तेव्हा सही करण्याची किल्ली अपडेट सर्व्हरवर ठेवू नका. ती नेटला न जोडलेल्या संगणकावर किंवा हार्डवेअर टोकनवर ठेवा आणि सही करताना दोन माणसं लागतील असं करा. यादीवर आवृत्तीचा क्रमांक आणि मुदत घाला, म्हणजे कुणी जुनी, त्रुटी असलेली यादी पुन्हा पुढे करू शकणार नाही. टफ या अपडेट चौकटीत हे सगळं नीट विचार करून मांडलेलं आहे. मुदत ठरवताना तुमच्या ग्राहकांचा विचार करा. महिनाभर बंद राहिलेला संगणक चालू झाला आणि मुदत संपली म्हणून त्याने अपडेटच नाकारलं, असं व्हायला नको. यादी काही किलोबाइटची ठेवा, ती रोज ताजी करा, मोठं पॅकेज मागाहून सावकाश येऊ दे.

सही पक्की असली की पेन ड्राइव्हची भीती राहत नाही, आणि काही ठिकाणी तोच सगळ्यात वेगवान मार्ग आहे. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, भेटीला जाणाऱ्या इंजिनिअरच्या खिशात ताजं पॅकेज असलंच पाहिजे. त्याने पेन ड्राइव्हवरची एक्सई फाइल डबल-क्लिक करायची नाही. आधीपासून बसवलेल्या तुमच्या अपडेटरला ‘फाइल इथे आहे’ एवढंच सांगायचं, तो सही तपासून घेईल. तोच पेन ड्राइव्ह दिवसभरात पाच ग्राहकांच्या संगणकांना लागणार, म्हणजे एकाचा व्हायरस दुसऱ्याकडे नेण्याचं ते उत्तम साधन. लिहिणं बंद करण्याचा स्विच असलेले पेन ड्राइव्ह मिळतात, तेच घ्या. विंडोजचे मासिक पॅचही मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून उतरवून सोबत नेता येतात. ते दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला येतात. गुरुवारच्या फेरीपर्यंत ते तुमच्या हातात असतात. कुणाकडे अजून विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हेही त्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं.

अपडेट फसलं तर काय? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली. जलद नेट असलेल्यांना ती उठवायला दिवस लागले. तुमच्या ग्राहकाकडे दुसऱ्यांदा डाउनलोड करण्याची ऐपतच नाही. म्हणून नवी आवृत्ती शेजारच्या फोल्डरमध्ये बसवा, सुरू होते का ते बघा, मगच तिच्याकडे वळा, आणि जुनी आवृत्ती डिस्कवर राहू द्या. मागे फिरायला इंटरनेट लागता कामा नये. आधी तुमच्या ऑफिसजवळच्या, फोन केल्यावर तासाभरात पोचता येईल अशा ग्राहकांना द्या, दोन दिवसांनी बाकीच्यांना.

सुरुवात सर्व्हरच्या लॉगपासून करा. एकाच इन्स्टॉलेशनकडून तीच फाइल शून्यापासून पुन्हापुन्हा मागितलेली दिसते का? आयपी पत्त्यावर जाऊ नका, केबलवाल्याच्या एका पत्त्यामागे अख्खी गल्ली असते. प्रत्येक इन्स्टॉलेशनला एक यादृच्छिक क्रमांक द्या. ‘पॅच काढला’ ही तारीख बाजूला ठेवा आणि शंभरातले पंच्याण्णव ग्राहक सुरक्षित व्हायला किती दिवस लागले ते मोजा. उरलेल्या पाचांना फोन करा. त्यांचं नेट कुणाचं आहे, संगणक किती वाजता चालू होतो, डेटा कुणाच्या खिशातून जातो, एवढं विचारलं की पुढच्या पॅचचा आकार आणि वेळ ठरवता येते. या वेळच्या दुरुस्तीसाठी मात्र लॉगची वाट पाहू नका. त्रुटीची एकटी डीएलएल वेगळी काढा, सही करा, बिट्सवरून सोडा आणि उद्यापासून निघणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरच्या हातात तिची एक प्रत द्या.